विश्लेषण : सीए अर्धवट सोडून सीएमए किंवा एसीसीएकडे वळताना हाती काय उरते?

सीए इंटरमीडिएटचा निकाल लागला की समाजमाध्यमांवर दोन प्रकारच्या पोस्ट दिसू लागतात. उत्तीर्ण झालेल्यांचे पेढे आणि अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी जाहिराती. ‘सीए इंटर अडकले आहे? एसीसीए करा’, ‘सीएमएला या, झालेला अभ्यास वाया जाणार नाही’, ‘फक्त काही पेपर आणि जगभर नोकरी’. तीन-चार अटेम्प्ट देऊन थकलेल्या विद्यार्थ्याला आणि क्लासची फी भरून मेटाकुटीला आलेल्या पालकांना या जाहिराती दिलासा देतात. पण एका अभ्यासक्रमातून दुसऱ्यात जाताना किती पायऱ्या वाचतात आणि किती नव्याने चढाव्या लागतात, याचा हिशेब या जाहिरातींत क्वचितच असतो. तो नेमका कसा आहे, याचा हा आढावा.

मुळात या पदव्या कोणाच्या?

भारतात लेखा क्षेत्रातील व्यावसायिक पात्रतांसाठी संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्यांखाली स्वतंत्र संस्था आहेत. चार्टर्ड अकाउंटंट्ससाठी १९४९ चा कायदा आणि त्याखालची ‘आयसीएआय’. कॉस्ट अकाउंटंट्ससाठी १९५९ चा कायदा आणि त्याखालची ‘आयसीएमएआय’. या संस्थेला जुनी मंडळी आजही ‘आयसीडब्ल्यूए’ म्हणतात. कंपनी सेक्रेटरींसाठी १९८० चा कायदा आणि ‘आयसीएसआय’. तिन्ही संस्था कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रवेशाचे नियम प्रत्येकीचे वेगळे आहेत.

‘एसीसीए’ ही मात्र १९०४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली ब्रिटिश संस्था. तिची परीक्षा भारतात देता येते, पण भारतीय कायद्याने तिला वैधानिक लेखापरीक्षणाचे अधिकार दिलेले नाहीत. याशिवाय अमेरिकेची ‘सीपीए’ आणि अमेरिकेचीच ‘सीएमए’ याही पात्रता येथे लोकप्रिय होत आहेत.

इथे पहिला गोंधळ होतो तो नावाचा. आयसीएमएआयचे सदस्य नावामागे ‘सीएमए’ लावतात आणि अमेरिकेच्या ‘आयएमए’ या संस्थेच्या पात्रतेचे नावही ‘सीएमए’च आहे. पहिल्यात फाउंडेशन, इंटर आणि फायनल असे टप्पे आहेत. दुसरीत दोन पेपर. भारतात कॉस्ट ऑडिटवर सही करण्याचा अधिकार फक्त पहिल्या सीएमएला आहे. त्यामुळे ‘सीएमए दोन पेपरांत’ अशी जाहिरात दिसली तर ती कोणत्या सीएमएची आहे, हे आधी पाहावे लागते.

सीए सोडण्याचा विचार नेमका कुठे येतो?

मे २०२५ च्या परीक्षेत सीए फाउंडेशनचा निकाल १५.०९ टक्के लागला. इंटरमीडिएटमध्ये पहिल्या ग्रुपचा निकाल १४.६७ टक्के, तर दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांचा १३.२२ टक्के होता. फायनलमध्ये दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी १८.७५ टक्के उत्तीर्ण झाले. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर बहुसंख्य विद्यार्थी मागे राहतात आणि इंटरमध्ये सर्वाधिक.

यामागे पेपर कठीण असणे हे एकच कारण नाही. निकालाचे गणितही आहे. सीएमध्ये ग्रुपच्या प्रत्येक पेपरात किमान ४० गुण आणि पूर्ण ग्रुपमध्ये ५० टक्के गुण, अशी दुहेरी अट आहे. एखाद्याला तीन पेपरांत ५८, ६१ आणि ३७ गुण मिळाले तर सरासरी ५२ येते, तरीही ग्रुप जातो. ६० किंवा त्याहून अधिक गुणांच्या पेपराला पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते, पण ५८ गुणांचा पेपर पुन्हा द्यावा लागतो. दुसऱ्याला ४५, ४८, ४६ मिळाले तर तो एकाही पेपरात चाळिशीखाली नाही, पण बेरीज १३९ येते. ३०० पैकी १५० हवेत म्हणून त्याचाही ग्रुप जातो आणि त्याच्या हाती एकही पेपर उरत नाही.

त्यात १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेने आणखी एक बदल केला. पूर्वी इंटरचा एक ग्रुप सुटला की आर्टिकलशिप सुरू करता येत असे. आता दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्याशिवाय ती सुरू होत नाही. आर्टिकलशिपचा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला, ही जमेची बाजू. पण इंटरमध्ये अडकलेल्या विद्यार्थ्याकडे आता ना अनुभव, ना मानधन, ना ‘काहीतरी चालू आहे’ हे घरच्यांना सांगण्याची सोय. वाट बदलण्याचा विचार जास्त करून इथेच येतो.

सीएमधून सीएमएकडे गेल्यास किती पायऱ्या वाचतात?

सीए इंटर उत्तीर्ण विद्यार्थ्याला सीएमएची फाउंडेशन द्यावी लागत नाही. थेट सीएमए इंटरमीडिएटला प्रवेश मिळतो. मात्र ही सवलत ऐकायला जितकी मोठी वाटते तितकी ती नाही. कारण कोणत्याही शाखेच्या पदवीधरालाही, ललित कलांसारखा अपवाद वगळता, सीएमए इंटरला थेट प्रवेश मिळतो. म्हणजे ज्याने सीए इंटरचे सहा पेपर सोडवले तो आणि ज्याने फक्त बी.कॉम. केले तो, दोघेही एकाच दारापाशी उभे राहतात. सीए इंटर झाले म्हणून सीएमए फायनलला थेट प्रवेश मिळत नाही.

पुढे सीएमए इंटरचे दोन ग्रुपमध्ये आठ पेपर आणि फायनलचे आठ पेपर आहेत. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये ५० टक्के ही अट येथेही आहे, फक्त एका ग्रुपमध्ये तीनऐवजी चार पेपर असतात. त्यामुळे ‘प्रत्येक पेपर थोडक्यात सुटतो, पण बेरीज भरत नाही’ ही ज्याची अडचण आहे, त्याला सीएमएमध्येही त्याच अडचणीला तोंड द्यावे लागते.

विषयांकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. सीए इंटरमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग, कंपनी व इतर कायदे, करप्रणाली, कॉस्ट व मॅनेजमेंट अकाउंटिंग, ऑडिटिंग आणि वित्तीय व व्यूहात्मक व्यवस्थापन हे विषय आहेत. सीएमए इंटरमध्येही कायदे, फायनान्शियल अकाउंटिंग, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कर, कॉस्ट अकाउंटिंग, कॉर्पोरेट अकाउंटिंग व ऑडिटिंग, वित्तीय व्यवस्थापन असे विषय येतात. यातला बराच अभ्यास आधी झालेला असतो, ही खरी बचत. पण ती कागदोपत्री सूट नव्हे, डोक्यातला अभ्यास आहे. ज्याचा करप्रणालीचा पेपर सीएमध्ये तीनदा गेला, त्याला तो सीएमएमध्येही द्यावाच लागणार. उलट ज्याला कॉस्टिंग मनापासून आवडते आणि ज्याची गाडी ऑडिट किंवा कायद्यात अडते, त्याच्यासाठी हा बदल अर्थपूर्ण ठरू शकतो.

आणि सीएमएमधून सीएकडे?

हा उलटा रस्ताही खुला आहे. सीएमए किंवा सीएसची इंटरमीडिएट पातळीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला सीए इंटरला थेट प्रवेश घेता येतो. वाणिज्य शाखेत ५५ टक्के किंवा इतर शाखेत ६० टक्के गुणांसह पदवी मिळवलेल्यांनाही हीच सवलत आहे. या नियमाचा एक फायदा दुर्लक्षित राहतो. बारावीनंतर फाउंडेशन सुटली नाही म्हणून सीए ‘कायमचे’ सुटत नाही. पदवीला पुरेसे गुण असतील तर तीन वर्षांनी फाउंडेशन न देता तेच दार पुन्हा उघडते. त्यामुळे फाउंडेशनच्या नादात कॉलेजचे गुण घसरू देणे हे दुहेरी नुकसान ठरते.

‘एसीसीएला फक्त चार पेपर’ हा दावा किती खरा?

एसीसीएची रचना वेगळी आहे. सध्या एकूण १३ पेपर आहेत. त्यातील सुरुवातीच्या दोन पातळ्यांवरील नऊ पेपरांत आधीच्या शिक्षणानुसार सूट मिळू शकते. शेवटच्या स्ट्रॅटेजिक प्रोफेशनल पातळीवरील चार पेपर मात्र प्रत्येकाला द्यावेच लागतात. म्हणजे ‘फक्त चार पेपर’ हे खरे आहे, पण ते सर्व नऊ पेपरांची सूट मिळणाऱ्यांसाठी, उदाहरणार्थ पूर्ण सीए झालेल्यांसाठी. फक्त सीए इंटर किंवा फक्त बी.कॉम. झालेल्यांना मिळणारी सूट कमी असते. कोणाला नेमकी किती, हे एसीसीएच्या संकेतस्थळावरील सवलत मोजणाऱ्या सुविधेत आपले शिक्षण भरून काही मिनिटांत, फुकट पाहता येते. क्लासच्या समुपदेशकाने सांगितलेला आकडा आणि तिथला आकडा जुळतो का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहिलेले बरे.

सूट मिळाली तरी ती मोफत असेलच असे नाही. सूट मिळालेल्या प्रत्येक पेपरासाठी एसीसीए शुल्क आकारते, काही योजनांत ते माफही होते. त्याखेरीज नोंदणी, परीक्षा शुल्क आणि दरवर्षीची वर्गणी पौंडांत भरावी लागते. रुपया घसरला की खर्चाचे अंदाजपत्रकही बदलते.

एसीसीएची एक बाजू मात्र सीए विद्यार्थ्यांना खरोखर सोयीची आहे. तिथे ग्रुप नाहीत. प्रत्येक पेपर स्वतंत्र, उत्तीर्ण होण्यासाठी ५० गुण आणि वर्षातून चार परीक्षा. वरच्या उदाहरणातील ५८ गुणांचा पेपर इथे सुटलेला राहिला असता. याचा अर्थ एसीसीए सोपी आहे असा नव्हे. वरच्या पातळीवरील बहुतेक पेपरांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक परीक्षार्थी नापास होतात. पेपरांत लांबलचक परिस्थिती देऊन इंग्रजीत नेमके, मुद्देसूद लिहिण्याची अपेक्षा असते. आणि स्ट्रॅटेजिक पातळीवरचा पहिला पेपर सुटला की त्या पातळीचे उरलेले पेपर सात वर्षांत संपवावे लागतात.

अमेरिकेच्या सीपीएचे चार पेपर असतात, पण तिथे आधी पदवी लागते आणि भारतीय पदवीचे किती क्रेडिट धरले जातात हे मूल्यांकन संस्था ठरवते. म्हणून इंटरमध्ये अडकलेल्या, पदवी अपूर्ण असलेल्या विद्यार्थ्यासाठी तो लगेचचा पर्याय नाही.

आर्टिकलशिपचे महिने वाया जातात का?

ज्यांनी आर्टिकलशिपचे वर्ष-दीड वर्ष काढले आहे त्यांच्यासाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. एसीसीएच्या सदस्यत्वासाठी ३६ महिन्यांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. तो परीक्षेआधी, परीक्षेदरम्यान किंवा नंतर घेतलेला चालतो. मात्र त्यावर पात्र लेखापालाने पर्यवेक्षक म्हणून शिक्कामोर्तब करावे लागते. सीए फर्ममधील काम त्यात धरले जाऊ शकते, कारण वर बसलेला सीए हा पात्र लेखापालच असतो. यासाठी फर्म सोडण्यापूर्वीच केलेल्या कामाची नोंद आणि स्वाक्षरी घेणे शहाणपणाचे. भांडून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांनी तीच सही मागायला जाणे जड जाते.

उलट दिशेने हे होत नाही. कंपनीतील नोकरीचा किंवा एसीसीए करताना मिळवलेला अनुभव सीएच्या आर्टिकलशिपमध्ये मोजला जात नाही. ती नोंदणीकृत पद्धतीने, प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखालीच करावी लागते.

तिसरा मार्गही आहे, तो म्हणजे न सोडता जोड देण्याचा. आर्टिकलशिप सुरू असताना दुसरा अभ्यासक्रम करायचा असेल तर आयसीएआयकडे ११२ क्रमांकाचा अर्ज भरून परवानगी घ्यावी लागते आणि त्याच्या वर्गांच्या वेळा कामाच्या वेळेत येता कामा नयेत. ही परवानगी न घेता गुपचूप दुसरा अभ्यासक्रम सुरू ठेवणाऱ्यांना पुढे अडचण येऊ शकते.

शेवटी सही कोणाची चालते?

वाट बदलताना पेपरांची संख्या सगळे मोजतात, अधिकार फार थोडे मोजतात. कंपनी कायदा २०१३ नुसार कंपनीचा वैधानिक लेखापरीक्षक चार्टर्ड अकाउंटंटच असू शकतो. आयकर कायद्यातील लेखापरीक्षणासाठीही ‘अकाउंटंट’ म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट. या व्याख्येत कॉस्ट अकाउंटंट्सचाही समावेश करावा, ही आयसीएमएआयची जुनी मागणी आहे. २०२५ चा नवा आयकर कायदा येताना ती पुन्हा जोरात मांडली गेली, पण व्याख्या बदलली नाही.

कॉस्ट अकाउंटंट्सचे स्वतःचे क्षेत्र कंपनी कायद्याच्या कलम १४८ मध्ये आहे. ठरावीक उद्योगांतील आणि ठरावीक उलाढालीवरच्या कंपन्यांना कॉस्ट ऑडिट करून घ्यावे लागते आणि ते प्रॅक्टिस करणारा कॉस्ट अकाउंटंटच करू शकतो. औषधे, खते, वीज, पेट्रोलियम, दूरसंचार यांच्याबरोबर साखर आणि औद्योगिक अल्कोहोल हेही या यादीत आहेत. म्हणून खासगी साखर कंपन्या आणि औषध कारखाने असलेल्या महाराष्ट्रात या पात्रतेला काम आहे. जीएसटीमध्ये मात्र या व्यवसायाला फटका बसला. वार्षिक जीएसटी ऑडिट सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट करू शकत होते, पण २०२१ च्या वित्त कायद्याने ती सक्तीच काढून टाकली. एका कायद्यातील एक ओळ गेली की कामाचा एक प्रवाह कसा आटतो, याचे हे उदाहरण.

एसीसीएला भारतात यांपैकी कोणतीही वैधानिक सही करता येत नाही. मात्र प्रत्येक करिअर सहीवर उभे नसते. पुणे, मुंबई, बंगळूरु, हैदराबाद येथील बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या सेवा केंद्रांत आंतरराष्ट्रीय लेखा मानकांवर काम चालते आणि तेथे एसीसीएला मागणी आहे. कंपनीचा मुख्य वित्त अधिकारी होण्यासाठीही कायदा विशिष्ट पदवी मागत नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा की, गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचे कार्यालय थाटायचे आहे की कंपनीत नोकरी करायची आहे? कार्यालय थाटायचे असेल तर एसीसीए सीएची जागा घेऊ शकत नाही. नोकरी करायची असेल तर सीएचा हट्ट धरून पाच वर्षे घालवण्याची गरज आहे का, हे तपासायला हवे.

महाराष्ट्रातला दुर्लक्षित पर्याय

स्वतःची प्रॅक्टिस हवी, पण सीए पूर्ण होत नाही, अशांसाठी राज्यात एक जुनी वाट आहे. सहकार खात्यातर्फे घेतली जाणारी ‘जीडीसी अँड ए’ ही पदविका परीक्षा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ नुसार सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण सीएंबरोबरच प्रमाणित लेखापरीक्षकही करू शकतात. त्यासाठी पदवी, ही पदविका, लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे कामापुरते ज्ञान लागते. शिवाय खात्याच्या नामतालिकेत नाव असावे लागते. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, विविध कार्यकारी सोसायट्या यांचे जाळे गावोगाव असलेल्या राज्यात ही वाट लहान नाही. सीए इंटरचा अभ्यास झालेल्यांना यातील लेखाकर्म आणि लेखापरीक्षण हे भाग परके वाटत नाहीत. सीएइतकी व्याप्ती तिला नाही, पण सही करण्याचा अधिकार आहे.

निर्णय घेण्यापूर्वी काय तपासावे?

पहिली गोष्ट म्हणजे नापास होण्याचे कारण. शेवटच्या दोन-तीन गुणपत्रिका समोर ठेवल्या तर ते दिसते. एकच पेपर वारंवार जात असेल तर तो विषय नव्या अभ्यासक्रमात आहे का, हे पाहावे. सगळे पेपर ४५ ते ५० च्या दरम्यान अडकत असतील तर लिखाणाचा सराव कमी पडतो आहे. अभ्यासक्रम बदलून तो दोष जात नाही. आणि गुण तिशीतच राहत असतील तर अजून किती वर्षे द्यायची, याची मर्यादा आताच ठरवणे हिताचे.

दुसरी गोष्ट म्हणजे मागचे दार उघडे आहे का. नव्या योजनेत सीए इंटरची नोंदणी पाच वर्षे आणि फायनलची दहा वर्षे वैध असते. इंटर पूर्ण उत्तीर्ण झालेल्याचे ते यश वाट बदलल्याने पुसले जात नाही. फायनलमध्ये अडकलेल्यांसाठी नव्या योजनेत ‘बिझनेस अकाउंटिंग असोसिएट’ हे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची तरतूदही ठेवण्यात आली आहे. म्हणून इंटरचा एकच ग्रुप उरलेला असेल तर तो संपवून मग वळणे आणि तो तसाच टाकून वळणे, यांत बराच फरक पडतो.

तिसरी गोष्ट म्हणजे पदवी. व्यावसायिक परीक्षेच्या धावपळीत अनेकांची बी.कॉम. मागे पडते. पण नोकरी, परदेशी शिक्षण, सीपीए, जीडीसी अँड ए, सीएचा थेट प्रवेश या सगळ्यांत पदवी उपयोगी पडते.

चौथी गोष्ट, कोणतीही सवलत क्लासच्या पत्रकावरून नव्हे, तर संबंधित संस्थेच्या नियमांतून किंवा तिच्या लेखी उत्तरातून पक्की करावी. हे नियम अभ्यासक्रमागणिक बदलतात. दोन वर्षांपूर्वी वाट बदललेल्या मित्राला मिळालेली सूट आज लागू असेलच असे नाही.

घरच्यांनी काय समजून घ्यावे?

‘चार वर्षे घातली, आता कसे सोडायचे?’ हा घराघरात ऐकू येणारा प्रश्न. पण गेलेली चार वर्षे दोन्ही पर्यायांत गेलेलीच आहेत. सीए चालू ठेवले तरी ती परत येत नाहीत आणि सोडले तरी त्यातला अभ्यास पुसला जात नाही. तुलना करायची ती पुढच्या तीन वर्षांची : सीएमध्येच राहिल्यास काय मिळू शकते, वळल्यास काय आणि दोन्हींचा खर्च किती. विद्यार्थी जिथे अडकला आहे तिथे हा हिशेब कागदावर मांडला तर कधी उत्तर ‘अजून एक अटेम्प्ट’ असे येईल, कधी ‘आता वळा’ असे. दोन्ही उत्तरे सन्मानाची आहेत. निकालाच्या संध्याकाळी, जाहिरात पाहून, घाईत फी भरणे मात्र टाळायला हवे.